भुंड्या गळ्यावरचा पदर

अन्याय माझ्या घरमालकिणीच्या सुनेवर झाला. सत्त्याण्णव सालच्या पितृपंधरवड्यातल्या शेवटच्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, कोपरखैरण्यातल्या एका दवाखान्यात, बाकावर बसलेल्या सगळ्या माणसांच्या देखत. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. एकाचं नाव लिहिलं की बाकीचे सुटल्यासारखे होतात, आणि मला कुणालाच सोडायचं नाही.

डॉक्टर म्हणाले, "थुंकी साफ आलीय. टीबी नाही. हा तुमच्या त्या आजाराचाच खोकला आहे. उगाच खेपा घालू नका. घरी आराम करा, खा, प्या."

'त्या आजाराचा' म्हणताना त्यांनी आवाज खाली आणला. पण दार उघडं होतं आणि बाकावर ऐकायला सगळे टपलेलेच होते. शेजारची एक बाई पिशवी उचलून पलीकडे सरकली. वहिनीने पदर गळ्याभोवती आणखी एक वेढा देऊन घट्ट केला आणि उठली.

मी सोबत होते. मी तिला वहिनी म्हणायची, ती मला ताई म्हणायची, खरं तर आमच्यात वर्षा-दीड वर्षाचाच फरक असेल. मी देशावरून इथे आले होते, खांद्यावर पत्रकांची पिशवी घेऊन. आमचं काम म्हणजे वस्त्यावस्त्यांतून फिरून आरोग्यावर बोलणं. आमच्या पत्रकात मोजकी वाक्यं असत आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह. 'तीन आठवडे खोकला? थुंकी तपासा!' ते वाक्य वाचूनच वहिनी दवाखान्यात यायला तयार झाली होती. तपासली. साफ आली. आता पुढे काय, ते आमच्या पत्रकात नव्हतं आणि डॉक्टरच्या डोक्यातही नव्हतं.

बोनकोड्याला काकींच्या घराच्या मागच्या अंगाला मी भाड्याने राहत होते. काकी म्हणजे माझी घरमालकीण, वहिनीची सासू. जमिनी शहरात गेल्या तेव्हा हाती आलेल्या पैशातून त्यांनी मागे दोन खोल्या काढल्या होत्या. एकीत मी, दुसरीत जाळी, टोपल्या आणि एक मोडका पंखा. त्यांच्या मुलाने शेतीऐवजी ट्रेलर धरला. न्हावा शेव्याहून कंटेनर उचलायचा आणि पार दिल्लीपर्यंत न्यायचा. आदल्या हिवाळ्यात तो गेला. शेवटी शेवटी रुग्णालयात त्याचं रक्त तपासलं, मग हिचं तपासलं. दोघांच्याही कागदावर एकच शिक्का बसला. दोघींनी मला ते सांगितलं नाही, मला गावातल्या नळावर कळलं. नळावर सगळंच कळतं.

त्या सोमवारी आम्ही परत आलो तर काकी ओट्यावर सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, निवडत बसल्या होत्या.

"काय बोलला गो तो?"

"टीबी नाय बोलला," वहिनी म्हणाली.

"मग बरं झालं की!"

वहिनी आत गेली. काकींनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर आणखी काय म्हणाले ते मी सांगितलं. काकींचा हात सोड्यांच्या ताटातच राहिला. दोनच दिवसांपूर्वी याच घरात मुलाच्या नावाने पान वाढलं होतं, कावळ्याची वाट पाहत तिघी गच्चीत उभ्या होतो.

"म्हंजे बगनारच नाय? नुसतं घरी बसवायचं?"

"तसंच."

"जनावराला पन दोनदा बगतात," काकी म्हणाल्या आणि पुन्हा सोडे निवडायला लागल्या.

मला तेव्हा जे नीट माहीत नव्हतं आणि पुढे विचारत, वाचत, भांडत कळलं, ते इथेच सांगून टाकते. साधं आहे. थुंकीत टीबीचे जंतू दिसायचे तर बहुतेक वेळा फुप्फुसात आधी पोकळी पडावी लागते. ती पोकळी पडते शरीर जंतूशी भांडतं म्हणून. एचआयव्ही शरीराची ती भांडायची ताकदच काढून घेतो. मग पोकळी पडत नाही, थुंकीत जंतू फार कमी उतरतात, काचेखाली काही दिसत नाही, एक्स-रेसुद्धा टीबीच्या ओळखीचा वाटत नाही. टीबी असतो. अंगभर हिंडत असतो. पण ज्या एका खिडकीतून डॉक्टर बघतो त्या खिडकीत तो येत नाही. म्हणजे ज्यांना टीबी होण्याची भीती सगळ्यात जास्त, त्यांनाच ही तपासणी सगळ्यात जास्त फसवते. आणि वर आपण म्हणतो, साफ आहे, घरी जा.

घरी जाऊन वहिनी वाळत चालली. दुपार कलली की अंगात कणकण भरायची. ब्लाऊजच्या बाह्या दंडावर फडफडायच्या. तांदळाची भाकरी अशी थापायची की कडा कुठे जाड-बारीक नाही, पण आता एक भाकरी थापून भिंतीला टेकायची. मी "मी थापते" म्हणाले की हसायची.

"नको ताई. तुमची भाकरी बगून आय जेवनार नाय."

हे खरं होतं. काकी माझ्या भाकरीला खापर म्हणत.

काकी माया करत ती शिव्या देऊन. "खा गो. मरायचं तर भात खाऊन मर, उपाशी कशाला मरतंस?" असं म्हणून ताटात माशाची मधली तुकडी टाकत. गावातल्या दोघीतिघींनी काकींना सांगून पाहिलं होतं की सुनेची भांडी वेगळी करा. काकींनी त्यातल्या एकीला वहिनीच्याच कपातून चहा पाजला, आणि ती पिऊन झाल्यावर सांगितलं कुणाचा कप ते. ती बाई परत आली नाही. काकी म्हणाल्या, साखर वाचली.

आणि तो पदर. नवरा गेल्यापासून वहिनी पदर खांद्यावरून पुढे घेऊन गळ्याभोवती गुंडाळायची, हनुवटीच्या खाली गच्च. उकाड्यातसुद्धा. एकदा मी विचारलं, गुदमरत नाही का? ती म्हणाली, "भुंडा गला बगवत नाय लोकांना. आदी गल्याकडं बगतात, मग तोंडाकडं." इथल्या बायकांच्या गळ्यात सोनं असतं, थोडं का होईना असतंच. तिच्या गळ्यातलं काढून घेतलं होतं आणि ती रिकामी जागा ती झाकून ठेवत होती. दवाखान्यातही झाकूनच बसली. डॉक्टरांनी नळी पदरावरूनच लावली, छातीला एकदा आणि पाठीला एकदा. पदर बाजूला करा म्हणाले नाहीत. बाईमाणूस, त्यात विधवा, त्यात तो आजार. त्यांना वाटलं असेल, आपण सभ्यपणा केला.

दिवाळीला मी घरी गेले नाही. काकींनी त्यावरून बोलून घेतलं, आणि मग नरक चतुर्दशीला पहाटे माझं दार वाजवलं. "ऊठ. तेल लावते."

मागच्या अंगणात पाट मांडला होता. चुलीवर पाणी उकळत होतं. काकींनी मला पाटावर बसवलं आणि माझं डोकं असं रगडलं की पत्रकातली सगळी वाक्यं गळून पडावीत. "डोक्यात काय भरलंस गो? दगड हाय नुसता." उटणं लावलं, उठवलं, आणि हाक मारली, "ये गो तू."

वहिनी चुलीपाशी लाकडं सारत होती. "मना नको आय. मी कोन आता."

"कोन म्हंजे? माजी सून हायस."

"मना तेल कशाला..."

"बस खाली. पाट काय मी कावल्यासाठी मांडलाय?"

वहिनी बसली. पदर तसाच गुंडाळलेला. काकींनी आधी टाळूवर तेल थापलं, मग कानामागे, आणि मग काही न विचारता पदराचा वेढा उलगडून खाली सोडला. वहिनीने हात वर नेला, काकींनी तो तिच्याच मांडीवर ठेवला. चुलीच्या उजेडात ती मान किती बारीक दिसत होती. काकी मानेवरून बोटं खाली आणत होत्या, हळू, मघाशी मला रगडलं तशी नाही. आणि बोटं थांबली.

परत वर गेली. परत खाली आली. परत तिथेच थांबली.

"दुकतंय?"

"नाय."

"कवापासून हाय हे?"

"काय?"

काकींनी माझा हात धरला आणि तिच्या मानेवर, डाव्या बाजूला, कानाच्या खाली ठेवला. कातडीखाली गाठी होत्या. एक चांगली मोठी, सुपारीएवढी, तिला चिकटून दोन लहान. दाबल्या तरी हलत नव्हत्या. वहिनीने स्वतःचं बोट लावून पाहिलं आणि आमच्याकडे बघत राहिली. तिला माहीतच नव्हतं असं नाही, पण झाकलेल्या गळ्याला तिने स्वतःसुद्धा कितीतरी दिवसांत नीट हात लावला नव्हता.

काकींनी पाण्याचे तांबे घातले, अंग पुसलं, फराळाचं ताट पुढे ठेवलं आणि मग म्हणाल्या, "दोरा बांदून आनू का?"

"दोरा नको, दवाखाना," मी म्हणाले.

"मी नाय जानार," वहिनी म्हणाली. इतका वेळ शांत होती ती एकदम उसळली. "त्या बाकावर मी नाय बसनार. आनि गला उगडून दावू? सगल्यांसमोर? नाय ताई. मरू दे मना."

मी भाषण सुरू केलं. हक्क, कर भरतो आपण, डॉक्टर उपकार करत नाही. सगळं बरोबर होतं आणि एक शब्द तिच्यापर्यंत पोचत नव्हता. ती करंजीची कड बोटाने मोडत बसली होती. काकी ऐकत होत्या. मग त्या एवढंच म्हणाल्या, "तुज्या नवऱ्याची मान मी बगितली नाय. तो रातीचा यायचा नि जायचा, मी भात वाडायची. आता तुजी बगितली. बगितल्यावर मी काय करू? सांग. काय करू?"

वहिनी रडली नाही. तिने करंजीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "तुमी पन चला मग."

भाऊबीज झाल्यावर दवाखाना उघडला. आम्ही तिघी गेलो. काकी नऊवारीत, कानात सोन्याच्या बुगड्या, दोन्ही हात भरलेले, लग्नाला निघाल्यासारख्या. बाकावर वहिनीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्या. कुणी सरकायच्या आधीच काकींनी विचारलं, "सरकताय का? सरका, मना ऐसपैस बसायचंय." कुणी सरकलं नाही.

डॉक्टर आम्हाला बघून थकल्यासारखे झाले. वाईट माणूस नव्हता. दारापर्यंत रांग, पंख्याला वेग नाही, टेबलावर चहाचा अर्धा कप सायीने झाकलेला. पण मला तेव्हा कीव नव्हती येत, आणि आजही ती मी पेशंटसाठी राखून ठेवते.

"बाई, मी सांगितलं होतं ना..."

काकी खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या. आपला पदर दोन्ही हातांनी पसरून दाराच्या बाजूला धरला. पडद्यासारखा. बाकावरून आता काही दिसेना. "सोड गो," त्या सुनेला म्हणाल्या.

वहिनीने पदर सोडला.

डॉक्टर उठले, पुढे आले आणि मानेला हात लावला. डावी बाजू, उजवी बाजू, मग काखेत. "दुखतंय का?" वहिनीला त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. आधीचे सगळे प्रश्न मला विचारले होते, जणू ती मी दाखवायला आणलेली वस्तू होती.

"नाय."

"हे आधी का नाही दाखवलंत?"

काकी पदरामागून म्हणाल्या, "तू कवा मागलंस?"

इथली आगरी म्हातारी कुणालाही तू म्हणते, देवालाही. डॉक्टरांना ते माहीत असणार. ते खुर्चीवर बसले, चहाचा कप बाजूला सारला आणि चिठ्ठी लिहायला लागले. लिहिता लिहिता म्हणाले, "मुंबईला मोठ्या रुग्णालयात जा. गाठीत सुई घालून थेंबभर काढतील, काचेवर बघतील. थुंकी साफ आली तरी इथे सापडू शकतं." मग वहिनीकडे बघून म्हणाले, "सुईला घाबरू नका. मुंगी चावल्यासारखं."

मी म्हणाले, "मग तेव्हा 'टीबी नाही' असं का सांगितलंत? 'थुंकीत दिसला नाही' असं सांगायचं."

"तुमच्या पत्रकात लिहा," ते म्हणाले. टोमणा होता. मी लिहिलं.

सुईत सापडला. काचेवर जंतू होते. रुग्णालयातली बाई निकाल सांगताना तोंड पाडून सांगत होती आणि काकींनी तिला विचारलं, "औशद हाय का याला?" आहे म्हणाली. "मग रडतंस कशाला?"

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्याच आठवड्यात मोरीतून वहिनीची हाक आली, घाबरलेली. लघवी लाल-केशरी. काकी धावल्या, मी धावले. ते गोळीमुळे होतं, काळजीचं कारण नव्हतं, रुग्णालयात सांगितलंही होतं, पण ऐकायच्या गडबडीत कुणी ऐकलं नव्हतं. समजल्यावर काकी दारातच बसल्या आणि हसायला लागल्या. "मना वाटलं शिमगा आला." वहिनी आतून म्हणाली, "आय, हसू नका, मना पन हसू येतं आनि मग खोकला येतो." तो खोकत खोकत हसल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

कणकण आधी गेली. मग भूक आली. भूक अशी आली की काकी तक्रार करायला लागल्या, ज्या बाईने महिनोन्‌महिने खा खा केलं तीच. "अख्खी हंडी चाटली गो हिनं!" हे त्या नळावर मुद्दाम मोठ्याने सांगत. गाठी सगळ्यात शेवटी बसल्या, हळूहळू. रोज सकाळी काकी भाकरीच्या पिठाचे हात धुवून सुनेची मान चाचपत. हवामान बघितल्यासारखं. "आज कालच्यापरीस बरी हाय."

उन्हाळ्यात काकींच्या भाच्याची हळद होती. आगरी हळद म्हणजे अख्खा गाव. वहिनी जायला तयार नव्हती; हळदीत विधवेने मागे बसायचं असतं. काकींनी स्वतःच्या गळ्यातली सोन्याची साखळी काढून हिच्या गळ्यात घातली. मंगळसूत्र नव्हे, साधी साखळी. आणि पदर खांद्यावर सरळ टाकून पिन लावली. गळा मोकळा. डाव्या बाजूला, गाठ होती तिथे, कातडी थोडी गडद राहिली होती. तेवढंच.

मांडवात कुणीतरी बोललंच. काकी वळल्या आणि म्हणाल्या, "गला माज्या सुनेचा, साखली माजी. तुमच्या पोटात कुटं दुकतं?"

वहिनी मांडवात पुढच्या सतरंजीवर बसली होती, मान वर करून.

हे लिहिते आहे तेव्हा तिचा टीबी बरा झालेला आहे. एचआयव्ही आहे. त्याच्या गोळ्या परदेशात आहेत म्हणतात, आमच्या ओट्यावर अजून पोचलेल्या नाहीत. त्याबद्दल आम्ही भांडतोच आहोत. पण त्या सोमवारी तिला घरी पाठवलं ते एचआयव्हीने मरायला नाही, बऱ्या होणाऱ्या टीबीने मरायला. हा फरक डॉक्टरांना कळायला एका म्हातारीचे तेलकट हात लागले. परवा त्याच दवाखान्यात गेले तर ते एका माथाडी कामगाराला म्हणत होते, "शर्टाची वरची बटणं सोडा, मान बघू." मी काही बोलले नाही. बोलायचं तुमच्याशी आहे.

तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत कुणीतरी वाळत चाललंय, संध्याकाळी तापतंय, आणि त्याच्या कागदावर तो शिक्का आहे म्हणून कुणी जवळ जात नाही. तुम्हाला माहीत आहे कोण. आज त्याच्याजवळ बसा. त्याला विचारून, हळूच, मानेवरून बोटं फिरवा. गाठ लागली तर त्याच्यासोबत दवाखान्यात जा, तो एकटा जाणार नाही. गाठ नसली तरीही जा. आणि डॉक्टर थुंकी साफ आहे म्हणाला, तर खुर्चीवरून उठू नका. म्हणा, थुंकीत दिसला नाही, एवढंच कळलं; आता बाकीचं बघा. तो बघेपर्यंत उठू नका.